बाबांनी बोलायचं नाही

“हे कपाट जरा हलवता येईल का?” मुलीने विचारलं.

घरमालक हसला. “अहो ताई, सागवानी आहे. चार माणसं लागतील. भिंत काय, इतर भिंतींसारखीच आहे.”

मुलीने वहीत काहीतरी टिपलं आणि मान वळवून बापाकडे पाहिलं. गप्प बसा, असं ती बजावत होती हे त्याला कळलं. तो गप्प बसला. त्याची नजर मात्र कपाटावरून वर छताकडे गेली. वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर बरोबर इथेच असणार. बाकी खोलीचा रंग जुना आणि कपाटाच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्टा नवा. आंधळ्यालाही दिसलं असतं.

चाळीस वर्षं तो गवंडीकाम करत आला होता. लोकांच्या किती भिंती उभ्या केल्या याचा त्याने कधी हिशेब ठेवला नाही. स्वतःची एकही नव्हती. मुलगी परिचारिका झाली, नोकरीत कायम झाली, आणि आता घर घ्यायला निघाली होती. घराण्यातलं पहिलं घर. सकाळी निघताना तिने एकच अट घातली होती. “बाबा, आज तुम्ही काही बोलायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही.”

तेव्हापासून ते त्याच्या मनात सलत होतं. त्याने ठेवणीतला सदरा घातला होता, पण चुन्या-सिमेंटने फाटलेले हात कुठे लपवणार? बोलणंही रांगडं. शिकलेल्या मुलीला चारचौघांत संकोच वाटत असेल, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली होती. समजूत काही पटत नव्हती.

“न्हाणीघरात पाणी साचतं का?” वरच्या मजल्यावर गेल्यावर मुलगी विचारत होती.

“पाणी म्हटलं की थोडंफार इकडेतिकडे होणारच,” घरमालक म्हणाला. “तुम्ही चहा घेणार ना?”

बापाने पायाच्या अंगठ्याने न्हाणीघराची फरशी चाचपली. उतार उलटा होता. सगळं पाणी दाराकडे येणार. त्याच्या कपाळावर आठी चढली. तोंडापर्यंत आलेले शब्द त्याने गिळले. मुलगी पुन्हा त्याच्याकडेच पाहत होती. त्याने घाईघाईने मान खाली घातली.

“घर का विकताय?” मुलीने विचारलं.

“मुलाकडे राहायला जातोय,” घरमालक म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याची बायको म्हणाली, “इथली हवा मानवत नाही.” मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मुलाकडची हवा चांगली आहे यावर दोघांचं एकमत झालं.

घरमालक लपवाछपवीच्या सवयीचाच गुलाम होता. जिना किती जुना, छताची तुळई कधी घातली, यावरही त्याने ताकास तूर लागू दिली नाही. खरं तर जिना आणि तुळई दोन्ही अव्वल होती. जिन्यावरून तुळईवर हात फिरवताना बापाचा चेहरा नकळत खुलला. कुणीतरी जीव लावून काम केलं होतं.

या सगळ्यात मुलगी एकदाही चिडली नाही. आवाज चढला नाही की पडला नाही, ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ राहिला. ही आपली पोर, असं त्याच्या मनात आलं आणि सल असूनही ऊर भरून आला.

शेवटी खाली कपाटापाशी परत आल्यावर तिने वही मिटली.

“घर मला आवडलंय,” ती म्हणाली. “जिना, छत पक्कं आहे. पण या कपाटामागे ओल आहे, आणि ती वरून येतेय. न्हाणीघराची फरशीही उखडून नव्याने बसवावी लागेल. दोन्ही कामं आधी करून द्या, तसं कागदावर लिहून द्या. जमत नसेल तर आम्ही निघतो.”

घरमालकाचा चहाचा कप हातातच राहिला. “तुम्हाला हे कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. तुम्ही तर नाहीच.”

त्याने तोंड उघडलं, पण बायकोने त्याला थांबवलं. “पुरे झालं आता. वर्षभर ती भिंत मी पुसतेय.” ती उठली आणि एकटीने कपाटाला धक्का दिला. ते रिकामं होतं. सहज सरकलं. मागचा गिलावा फुगून काळा पडला होता.

घरमालक खाली मान घालून कागद शोधायला गेला. लिहून झाल्यावर मुलीने तो दोनदा वाचला, एक शब्द बदलून घेतला आणि मगच घडी घातली.

बापलेक रस्त्यावर आले. मुलीच्या बरोबरीने चालताना त्याची मान ताठ झाली होती. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालाही थांबवून सांगावं, ही माझी मुलगी, असं त्याला वाटत होतं. पण सल स्वस्थ बसू देईना.

“ओल, उतार, तुळई. एवढं सगळं तुला कळत होतं, तर मला नेलंस कशाला?” तो म्हणाला. “आणि नेलंस तर तोंड का उघडू दिलं नाहीस? माझी लाज वाटत होती का, पोरी?”

मुलगी चालता चालता थांबली. क्षणभर तिला प्रश्नच समजला नाही.

“मला यातलं काय कळतंय?” ती म्हणाली. “तुम्ही बोलला असतात तर ते सावध झाले असते, तुमच्याशी वाद घालत बसले असते. बाबा, मी प्रश्न त्यांना विचारत होते, पण उत्तरं तुमच्या चेहऱ्यावर वाचत होते.”