एकतीस नंबरचं एक मत

“पुसून पुसून रंग जाईल तिचा,” घडीच्या खुर्चीत बसल्या बसल्या नॉर्मा म्हणाली. “तोंड काही बदलणार नाही. कडू औषध प्यायल्यासारखं!”

वेंडेलने बायकोकडे लक्षच दिलं नाही. अठ्ठावन्न सालची त्याची फिकट हिरवी गाडी, पुढे उभी लांबट जाळी, बॉनेट उघडं ठेवून कोर्टासमोरच्या चौकात एकतीस नंबरला उभी होती. इंडियानातलं ऑगस्टचं ऊन तिच्यावर नुसतं चमचमत होतं. लोक यायचे, हसायचे, आणि शेजारच्या क्लेटनच्या कॅडिलॅककडे वळायचे. तिच्या शेपटाला असले झोकदार पंख होते, की नॉर्मासुद्धा दरवर्षी तिथे जाऊन ‘अगंबाई!’ करून यायची.

जुन्या गाड्यांच्या या मेळ्यात प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळे. आवडत्या गाडीचा नंबर लिहायचा, पेटीत टाकायची. गेली एकोणीस वर्षं वेंडेलच्या गाडीला एकच मत पडत होतं. कुणाचं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. गाडी सोडून तो हलत नसे, म्हणून त्याची चिठ्ठी नॉर्माच घेऊन जाई.

यंदा त्याने मनाशी ठरवलं होतं. स्वतःला मत द्यायचं नाही. आपल्याखेरीज ही कुणाला आवडते का, ते एकदाचं कळू दे. नसेल, तर सोमवारी गिऱ्हाईक येणारच होतं. देऊन मोकळं व्हायचं. त्याने क्लेटनचा नंबर लिहिला आणि घडी केलेली चिठ्ठी नॉर्माच्या हातात दिली.

ती लिंबू सरबत घेऊन परतली, आणि आज त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

चार वाजता निकाल लागला. पहिला क्लेटन, ठरलेलंच.

“आणि नंबर एकतीस,” माईकवरचा माणूस हसू दाबत म्हणाला, “नेहमीप्रमाणे, एक मत!”

सगळा चौक खो खो हसला. वेंडेल ताडकन उठला. आनंदाने त्याला रडूच फुटलं. “नॉर्मा! अगं, आहे! कुणीतरी आहे!”

“ओरडू नकोस, म्हाताऱ्या. स्वतःच्याच गाडीला मत देतात का कुणी? लाज वाटायची मला.”

तिने पर्सच्या तळातून रबर लावलेला गठ्ठा काढून त्याच्या हातावर ठेवला. एकोणीस चिठ्ठ्या, सगळ्यांवर त्याच्याच अक्षरात ‘एकतीस’.

“तुझी चिठ्ठी आज पहिल्यांदा पेटीत पडली,” ती म्हणाली. “माझी दरवर्षी पडते.”