वेणूबाईंच्या हाताची चव

"पाठ वाकवा. अजून. हललात तर मी ओरडेन, आणि मला ओरडायला आवडतं," डॉ. सुनीती पाठीमागून म्हणाल्या.

पूर्णिमा हलली नाही. कमरेत सुई टोचली, मग एक बारीक नळी सरकली. लहानपणीच्या तापाने तिच्या हृदयाची एक झडप अरुंद करून ठेवली होती. अशा बाईला सिझेरियनसाठी भूल एकदम देऊन भागत नाही. औषध थोडंथोडं सोडायचं, रक्तदाब पडू द्यायचा नाही आणि ठोके वाढू द्यायचे नाहीत. वाढले तर आईच्याही जिवावर बेतणार, बाळाच्याही.

"घाबरायचं नाही, एवढंच तुमचं काम," भूल देता देता सुनीतीबाईंनी बजावलं. "आणि बोलत राहा. या यंत्रापेक्षा माझा तुमच्या तोंडावर जास्त विश्वास आहे."

पूर्णिमा बोलू लागली. अकोल्याचं ऊन, खराडीचं ऑफिस, तिथेच भेटलेला सुदर्शन, वाघोलीतला नवा फ्लॅट. यंत्राची टिकटिक शहाण्यासारखी चालली होती. एकाएकी ती वाढली.

"आत्ता काय आठवलं?"

"सासूबाई."

"मग विषय बदला."

"बाहेर बसल्यात त्या, मॅडम. त्यांना माझ्या हृदयाचं काहीच माहीत नाही. आज कळणार."

खरंच सांगितलं नव्हतं. सुदर्शनला सगळं ठाऊक होतं. पण आजारी मुलगी आई सून म्हणून पत्करणार नाही, अशी त्याची खात्री होती. लग्न झालं आणि दोघांचीही तोंडं शिवलेलीच राहिली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात वेणूबाई सुनेचं करायला म्हणून अकोल्याहून आल्या, तेव्हा पूर्णिमाने हृदयाच्या गोळ्या गुपचूप कॅल्शियमच्या खोक्यात सरकवल्या. बाई कडक. कमी बोलायच्या, आणि बोलल्या की समोरचा गप्प व्हायचा.

सुनीतीबाईंनी तिचे पाय दाबून पाहिले. "सूज नाही. छातीतही पाणी नाही. मिठाचं पथ्य घरात न कळता कसं सांभाळलंत?"

पूर्णिमाला हसू फुटलं. "नशीब माझं! सासूबाईंच्या हाताला चवच नाही. वऱ्हाडातली बाई, पण पानात लोणचं नाही, पापड नाही. वरण म्हणजे नुसतं पिवळं पाणी. सुदर्शन बिचारा ऑफिसात जाऊन पोट भरतो. मला मात्र आयतं पथ्य मिळालं."

सुनीतीबाईंनी तिच्या पायांवरची चादर सारखी केली. मग यंत्राकडे बघत म्हणाल्या, "ठेवा, अजून नावं ठेवा. ठोके छान खाली आलेत."

अर्ध्या तासाने पडद्यापलीकडून रडण्याचा खणखणीत आवाज आला. मुलगी होती. पूर्णिमाही रडली, आणि या वेळी सुनीतीबाई ओरडल्या नाहीत.

दुपारी आयसीयूत वेणूबाईंना दोन मिनिटांसाठी सोडलं. नातीला पाहून आल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता. सुनीतीबाई तिथेच उभ्या राहून रक्तदाब बघत होत्या. पूर्णिमाला फार हलकं वाटत होतं, आणि तेवढीच लाजही. आता लपवायचं नाही, तिने ठरवलं.

"आई, मला तुम्हाला एक सांगायचं होतं…"

"तू पडून राह्य, माय." वेणूबाईंनी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि त्या सुनीतीबाईंकडे वळल्या. "डॉक्टरीणबाई, त्या कॅल्शियमच्या खोक्यातल्या गोळ्या म्या आल्या आल्याच मेडिकलवाल्याले दाखवल्या होत्या. तवापासून घरातला मिठाचा डबाच वर ठेवला. आता वरणात चिमूटभर टाकलं, तर हिच्या हृदयाले चालते काय?"