मागची सीट

रेडिओने मोठ्या ऐटीत पडदा सरकवला, तर मागच्या सीटवर आत्या नव्हतीच. तिची शाल होती. तिचा फोन होता, चार्जरला लोंबकळणारा. आत्या नव्हती.

रेडिओ म्हणजे घरातली मुलगी. अखंड वाजते म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. गेल्या महिन्यात शाळेच्या स्टेजवर तिने मुख्याध्यापक बाईंपासून शिपाईकाकांपर्यंत सगळ्यांचे आवाज काढले, टाळ्या घेतल्या, आणि तेव्हापासून ती हे नाव पदवीसारखं मिरवत होती. आत्तासुद्धा पडदा सरकवला तो शाबासकी घ्यायलाच.

कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, हलवायच्या आधी बाबा हजेरी घ्यायचे. स्टिअरिंगवरून त्यांना मागची सीट दिसायची नाही, मधल्या सीटमागे पडदा.

"पुढची सीट?"

"हजर," आई म्हणायची.

"मधली?"

"हजर सर!" ही रेडिओ.

"मागची?"

"आहे रे बाळू, मी कुठे जातेय!" हे आत्याचं. रोज तेच, शब्दाचा फरक नाही.

आज पडद्यामागून काहीच आलं नाही. डुलकी लागली असेल, रेडिओला वाटलं. कशाला उठवायचं? शिवाय हातखंडा असलेली गोष्ट करून दाखवायची संधी कोण सोडतं! तिने नाकातून, जरा धापा टाकत म्हटलं, "आहे रे बाळू, मी कुठे जातेय!"

इतकं हुबेहूब, की बाबांनी लगेच गाडी काढली.

आणि आता खिडकीबाहेर राष्ट्रीय उद्यान पळत होतं. तांबूस झालेली झाडं, काचेवर येऊन चिकटणारी पानं, फांद्यांच्या फटीतून मध्येच समुद्र.

"बघ गं, काय रंग आहेत!" आई म्हणाली.

"हं."

बोलायचं होतं ते काही फार नव्हतं. आत्या राहिली, एवढंच. पण त्याच्या पाठोपाठ बाबा विचारणार, मग ओ कोणी दिली? त्याचं उत्तर जुळलं की सांगू, असं तिने ठरवलं. एक वळण गेलं. उत्तर जुळेना. दुसरं वळण गेलं. मुक्कामाच्या जागी डोक्यावर होता तो दीपस्तंभ मागे राहून बोटाएवढा झाला.

"आज रेडिओ बंद?" बाबांनी आरशातून पाहिलं. "सेल संपले वाटतं."

"ताई पण चिडीचूप आहेत," आई म्हणाली. "झोपू दे. नको नको म्हणत होत्या यायला. तुमच्यात माझी अडगळ कशाला, म्हणे. आता बघा कशा रमल्यात."

अडगळ.

"बाबा, गाडी वळवा." आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "आत्या राहिली."

बाबांनी करकचून ब्रेक दाबला. कपाटातले मग एकमेकांवर आदळले.

"राहिली म्हणजे? अगं, मला ओ दिली तिने!"

रेडिओने मागच्या सीटवरची शाल उचलून दाखवली.

रस्ता अरुंद. गाडी वळवायला जागा मिळेपर्यंत आणखी पुढेच जावं लागलं.

ते मुक्कामाच्या मैदानावर परत आले. हंगामाचा शेवटचा दिवस होता. बाकीच्या गाड्या सकाळीच गेल्या होत्या, ऑफिसचं शटर खाली होतं. त्या एवढ्या मोठ्या मोकळ्या मैदानात, पाण्याच्या नळाजवळच्या दगडावर आत्या बसली होती. गुडघे जुळवून, हात मांडीवर, दवाखान्यात नंबर लावून बसावं तशी. डोक्यावर रेडिओची लाल गोंड्याची टोपी. हीच टोपी काल किनाऱ्यावरच्या कुंपणाला अडकून राहिली म्हणून रेडिओ सकाळी दात घासताना कुरकुरली होती. कुरकुरली आणि विसरलीही.

बाबा उडी मारून उतरले. "ताई! अगं उतरलीस कधी? मला ओ दिलीस ना तू?"

आत्याने तोंड उघडलं. आवाज आलाच नाही, नुसती खरखर. गाडीमागे ओरडून ओरडून घसा पार बसला होता.

बाबांच्या खांद्यावरून तिने रेडिओकडे पाहिलं. घरात रेडिओच्या नकलांना सगळ्यात जास्त हसायची ती आत्याच. एकेक आवाज तिच्या ओळखीचा होता.

"दिली रे," ती कुजबुजली. "आणि मग उतरले. टोपी राहिली होती."

"धन्य आहे तुझी! सांगून जायचं नाही? लहान आहेस का आता?"

"चुकलंच माझं," आत्याने मान हलवली. मग डोक्यावरची टोपी काढून तिने रेडिओच्या कानांवरून नीट खाली ओढली. टोपी आतून गरम होती. आत्याची बोटं मात्र गारढोण.

रेडिओला तेवढ्यात सगळं सांगून टाकता आलं असतं. आईने आत्याभोवती शाल गुंडाळली, सगळे चढले, दार लागलं.

"पुढची सीट?"

"हजर."

"मधली?"

"हजर." सर नाही, काही नाही.

"मागची?"

मागून नुसता घसा खाकरल्याचा आवाज.

"मागची सीट?" बाबांनी या वेळी जोरात विचारलं.

पडद्याआडून एक हात आला, रेडिओच्या खांद्यावर टेकला. पडद्याच्या फटीतून आत्या स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवत होती, मग तिच्याकडे. तू दे ना ओ. डोळे चक्क हसत होते तिचे.

ते वाक्य रेडिओच्या ओठांवर तयार होतं, नाकातल्या सुरासकट, धापेसकट. ती उठली. पडदा पार कडेपर्यंत सरकवला, मागे जाऊन आत्याला खेटून बसली, दोघींचे पट्टे लावले.

"आत्या आहे," ती म्हणाली, स्वतःच्या आवाजात. "या वेळी बघून सांगतेय."

किल्लीवरचा बाबांचा हात तसाच थांबला.