मागणी पाठवली आहे

तालुक्याच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर सहाव्यांदा तेच उमटलं, ‘मागणी पाठवली आहे.’ त्यापुढे काहीच नाही. मला माझंच पुस्तक हवं होतं. आयुष्यात एकच लिहिलं, त्याची माझ्याकडची प्रत हरवली आणि आता जिल्हा ग्रंथालयातली तेवढी उरली होती. उत्तर येत नाही त्या अर्थी ते शोधायचे कष्टही कोणाला घ्यावेसे वाटत नसणार, अशी मी समजूत करून घेतली होती.

शेवटी एसटीने जिल्ह्याच्या गावी गेलो. नाव सांगताच काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “गुळवणी तुम्हीच होय? सहा वेळा काढून ठेवलं पुस्तक. फिरकलाच नाहीत तुम्ही.”

“मला कोणी कळवलंच नाही.”

“कळवणार कसं? उत्तराची वाट बघत कॉम्प्युटर अडकायचे, म्हणून नव्या प्रोग्रॅममध्ये मागणी नुसती इकडे येते. इथून उलट काही जात नाही.”

“बरं, आता द्या,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, तो मलाच अनोळखी वाटला.

बाईंनी मान खाली घातली. “मागच्या आठवड्यात बाद करून रद्दीत दिलं, काका. दहा वर्षांत एकदाही कोणी नेलं नाही ना.”