तिसरा पेला

शहाण्णवच्या दिवाळीच्या सुट्टीत पंकजसर आपली जुनी जिप्सी राजस्थानच्या वाळूत नेणार होते. कर्जतच्या सॅमसन मिस्त्रीने तिला जाड नक्षीचे टायर चढवले, मागे स्प्रिंगचा जादा पाटा घातला. पाटा घातला की तो गाडीत सगळं सामान भरून तिला चार दिवस तशीच उभी ठेवायचा. गाडी मागून बसते का, ते त्यात कळायचं. म्हणून पाण्याचा कॅनही त्याने काठोकाठ भरून ठेवला होता.

पहिल्या सकाळी कॅन थोडा उणा दिसला. बूच घट्ट होतं, खालची माती कोरडी. सॅमसनने पेल्याने पाणी घातलं. बरोबर तीन पेले मावले.

दुसऱ्या सकाळी तीन. त्याने कॅन बदलला. तिसऱ्या सकाळीही तीनच.

“जानार किती जन हायेत?” त्याच्या बायकोने, हन्नाने विचारलं.

“सर, बाई आन् त्यांची प्रज्ञा.”

हन्नाने कॅनचं बूच पुन्हा आवळलं.

चौथ्या सकाळी दोनच पेल्यांत कॅन भरला. तिसरा पेला सॅमसनच्या हातात तसाच राहिला.

तेवढ्यात सर आले. खांद्यावर सहा वर्षांची प्रज्ञा होती.

“झाली का गाडी, सॅमसनभाऊ? दुपारी निघतोय.”

“सर, आवंदा नका जाऊ.”

“का? काय राहिलंय?”

 सॅमसनने हातातला पेला पोरीपुढे धरला. “घे बाळा, पानी पी.”

प्रज्ञाने मान हलवली.

“नको काका. मला आता तहान लागत नाही.”