कबनूरचा माग

न्यायाधीश साहेबांनी मान वर करून "हं, बोला" म्हटलं आणि अक्षताचा आवाज गेला. ओठ हलत होते, पण बाहेर येत होती ती नुसती हवा. तिच्यापेक्षा वरचा पंखा जास्त बोलत होता.

मागच्या बाकावर बायडाबाई पदराचं टोक चावत बसली होती. तिच्या म्हशींचा गोठा दीर उद्या सकाळी पाडणार होता. आज मनाई हुकूम मिळाला तर गोठा राहणार, नाहीतर म्हशी उघड्यावर. आणि तिच्या वकीलबाईंचा हा पहिलाच युक्तिवाद.

समोरचे पिढीजात वकील गोड हसले. "साहेब, ताई काय म्हणतात ते ऐकूच येत नाही." त्यांच्या पाठीमागचे ज्युनिअर खुसखुसले.

तालुक्याच्या कॉलेजातनं वकील झालेल्या कबनूरच्या पोरीला कोल्हापुरातल्या एकाही बड्या वकिलानं हाताखाली घेतलं नव्हतं. घेतलं ते कोडोलीच्या आकाराम सरांनी. आणि घेतल्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद, "हळू बोल, पोरी. साहेब म्हातारं हाईत, बहिरं न्हाईत." अक्षताचा तरी काय दोष? घरातच यंत्रमाग. त्या खडखडाटात मीठ मागायचं तरी बोंबलूनच मागावं लागे. तो आवाज सरांनी घासून घासून बारीक केला होता. आज तो पार झिजूनच गेला.

"बाई, बोलताय, की पुढची तारीख देऊ?" साहेबांनी विचारलं.

पुढच्या तारखेला गोठाच नसणार होता.

तेवढ्यात शेजारून 'खट' झालं. मग 'खटाक'. खट-खटाक, खट-खटाक. आकाराम सर साळसूद चेहऱ्यानं समोर बघत बोटांच्या पेरांनी टेबल वाजवत होते. अक्षतानं तो ठेका लगेच ओळखला. तिला सनद मिळाली तेव्हा सर कबनूरला जेवायला आले होते. चालू मागाशेजारीच पाट मांडलेला. तिच्या आईशी बोलता बोलता घसा बसवून घेऊन परत गेले होते.

आणि माग सुरू झाल्यावर अक्षताच्या घरात कुणी पुटपुटत नाही.

"साहेब, त्यो गोठा बायडाबाईंच्या सासऱ्यानं बांधलेला हाय."

पंख्याची करकर कुठल्या कुठं गेली. स्टेनोची पेन्सिल थबकली. व्हरांड्यात नावं पुकारणारा शिपाई, आपल्या पोटावर कोण पाय देतंय ते बघायला, दारातनं डोकावला. अक्षता थांबली नाही. ताबा, कागद, उद्याची सकाळ, सगळं एका दमात. मधेच 'हाय' आलं, 'न्हाय' आलं, ते पण गेलं त्याच जोरात.

साहेबांनी कानात करंगळी फिरवली आणि मनाई हुकूम दिला. मग चष्म्यावरनं टेबलाकडं बघितलं.

"आकारामराव, ते काय वाजतंय?"

"कबनूरचा माग हाय, साहेब. आता बंद करतो."

बाहेर आल्यावर बायडाबाईनं अक्षताच्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. म्हशींस्नी पण गोठ्यात बसून ऐकू गेलं असंल म्हणाली. सर लाल झालेली पेरं चोळत उभे होते. अक्षता त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "सर, लई मोठ्यानं झालं का?"

सरांनी कानामागं हात धरला.

"काय म्हणालीस? ऐकू न्हाय आलं."