जावेची शेवंती

थोरल्या जावेची शेवंती धाकटीच्या डोळ्यांत खुपायची. पानगळ सुरू झाली की थोरली फुलांमध्ये खुर्ची टाकून ऐटीत ऊन खात बसायची, आणि इकडे धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मग जाऊ आत गेली की ती आपल्या अंगणातला वाळका पाला टोपली भरभरून मधल्या भिंतीवरून पलीकडे ओतायची. "बस म्हणावं आता केर काढत!"

तरी मेली शेवंती दरवर्षी दुपटीनं फुलायची.

यंदा मात्र धाकटीची कंबर धरली आणि ती अंथरुणाला खिळली. थोरली विचारपूस करायला आली, उशाशी बसली, कपाळावरून हात फिरवत म्हणाली,

"लवकर बरी हो गं बाई. शेवंतीच्या खतासाठी खड्डा कधीचा खणून ठेवलाय, पण यंदा तुझा पाला काही आला नाही!"